एकाच नंबरवरून आलेले फोन

"ते खोकं बाहेरच ठेव," मिस ओडेसा दारातूनच म्हणाल्या. "आणि मग आत ये."

मी खोकं पायरीवर ठेवलं. जुलै संपत आला होता. अटलांटाच्या दक्षिणेकडच्या त्या रस्त्यावरचं डांबर बुटांना चिकटत होतं, आणि उन्हात क्रीम पातळ होईल ही माझी पहिली काळजी होती. आज लिहिताना तिची लाज वाटते. खोक्यात 'लिटल क्वीन'ची अठ्ठेचाळीस किट होती. लहान मुलींचे घट्ट कुरळे केस घरच्या घरी सरळ करायची क्रीम. प्रत्येक डबीवर मुकुट घातलेली एक हसरी मुलगी.

आत तीन खुर्च्या होत्या. केस वाळवायच्या यंत्राखाली एक जाडजूड बाई मासिक उघडून बसली होती. भिंतीवर अंत्यसंस्कार करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर.

"नाव काय तुझं?"

"वृंदा."

मिस ओडेसांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "जाऊ दे. मी बेबी म्हणेन. सगळ्यांनाच म्हणते, वाईट वाटून घेऊ नको."

त्या भागात वयानं मोठ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, मग तिला नवरा असो, नातवंडं असोत. हे मला रेगेकाकांनी शिकवलं होतं. रेगेकाका म्हणजे माझे मालक. मूळचे डोंबिवलीचे केमिस्ट. तीस वर्षांपूर्वी गाडीच्या डिकीत बाटल्या भरून पार्लरोपार्लरी फिरले आणि त्यातून 'कुंतल ब्यूटी' ही कंपनी उभी केली. आमचं सगळं गिऱ्हाईक कृष्णवर्णीय बायकांचं. २०११ साल होतं, नवी जनगणना नुकतीच जाहीर झाली होती. मी चोवीस वर्षांची, जयसिंगपूरहून संख्याशास्त्र शिकायला गेलेली. कुठल्या भागात कोण राहायला आलंय हे आकड्यांतून काढायचं आणि ग्राहकांच्या तक्रारींची फाइल ठेवायची, ही माझी दोन कामं.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मेळावा आहे, सोमवारी शाळा सुरू होताहेत, मुलांना दप्तरं-वह्या वाटणार आहेत, आमची कंपनी सहाशे किट फुकट देणार आहे. मिस ओडेसांना या भागात एकतीस वर्षं सगळे ओळखतात, त्या आमच्या टेबलाशी बसल्या तर—

"झालं बोलून?" त्यांनी कंगवा खिशात घातला. "आता मी विचारते. तुमच्याकडे फोन कोण उचलतं?"

"बाहेरची एक कंपनी उचलते. नोंदी माझ्याकडे येतात."

"म्हणजे माझं नाव तुझ्याकडे आहे."

मी तयारी करून गेले होते. "हो. मार्चमध्ये तुमची एक तक्रार आली होती. त्याबद्दल आम्ही मनापासून—"

"किती?"

"एक."

यंत्राखालची बाई मासिक मिटून हसली. "ऐकलंस, ओडेसा? एक म्हणे! आणि मला वाटायचं, ही बया सकाळी उठून येशूच्याही आधी त्यांचा नंबर फिरवते."

मिस ओडेसा हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मार्चपासूनच्या पानांवर लाल पेनानं फुल्या होत्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात आई दुधाचे खाडे मांडते, तशा. काही दिवसांवर दोन-दोन.

"एक फुली म्हणजे एक फोन. एक फोन म्हणजे एक मुलगी. माझ्या बायका तिकडे खाली राहायला गेल्या, नव्या वस्त्यांत. घरं मोठी, शाळा चांगल्या. पण डोकं अजून माझ्याच हाती देतात. तीस-तीस मैल गाडी हाकत येतात. आधी सणासुदीला यायच्या. आता पोरीचं डोकं भाजलं की येतात."

मी फुल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. सदतीस.

"पण फोन आला की नोंद होतेच," मी म्हणाले. "आपोआप होते. चुकायचं कारणच नाही."

"नायला!" त्यांनी मागच्या खोलीकडे पाहून हाक मारली. "जरा इकडे ये."

सात वर्षांची एक मुलगी बाहेर आली. डोक्याला जांभळा रुमाल. तिची आई कामावर असताना ती तिथेच असायची. काचेच्या दारातून तिला पायरीवरचं खोकं दिसलं आणि ती जिथल्या तिथे थांबली.

"ते बाहेरच राहणार आहे, बेबी. या मुलीला तुझा कान दाखव."

नायलानं रुमाल थोडा वर केला. डाव्या कानामागे दोन नाण्यांएवढी जागा होती. केस नव्हते. कातडी गुलाबी आणि अगदी गुळगुळीत, चकाकणारी.

"तिथे परत येतील?" मी विचारलं.

"तू शिकलेली ना? तूच सांग."

नायला माझ्याकडे बघत होती. "तू ते लावणार आहेस मला?"

"नाही, नाही."

"मग आणलंस कशाला?"

मी बाहेर आले, पायरीवरचं खोकं उचललं आणि निघाले. पाठीमागे यंत्राखालची बाई काहीतरी म्हणाली. ते ऐकू येऊ नये म्हणून मी जवळजवळ पळत गाडीपर्यंत गेले.

ऑफिसात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. मी कच्ची फाइल उघडली. माझ्याकडून साफ होण्याआधीची, फोन कंपनीकडून जशी येते तशी. 'लिटल क्वीन'विषयीच्या तक्रारी: एकशे त्रेचाळीस. मग माझी फाइल उघडली. जिच्यावरून मी तक्ते करत असे, जी मी जूनच्या बैठकीत भिंतीवर दाखवली होती. अकरा.

मध्ये फक्त एक ओळ होती. मीच लिहिलेली. एकाच नंबरवरून आलेले सगळे फोन म्हणजे एकच तक्रारदार, पहिला ठेवायचा, बाकीचे गाळायचे. चुकीचं काय होतं त्यात? हिवाळ्यात अलाबामाच्या एका माणसानं बायकोच्या शाम्पूच्या कुपनासाठी एकोणीस वेळा फोन केला होता, त्याच्यामुळे सगळं प्रमाण बिघडलं. तेव्हा मी ही ओळ घातली. रेगेकाकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

अकरा नंबर होते. मी एकेक शोधून पाहिला. अकरातले नऊ पार्लरांचे.

या बायका कंपनीला फोन करत नाहीत. डोक्याचं काही झालं की त्या डोकं बघणारीकडे जातात, आणि फोन ती करते. हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. मार्केटिंगच्या सगळ्या पुस्तकांत ग्राहक स्वतःच फोन करतो.

मी कागद छापले आणि काकांच्या केबिनचं दार वाजवलं.

"ये गं. चहा घेणार?" ते कुठलंसं पत्र वाचत होते. मागच्या कपाटात चांदीचा गणपती आणि त्याच्या शेजारी १९८२ ची त्यांची पहिली बाटली.

"काका, माझ्याकडून चूक झालीय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही. मी आणि आता तुम्ही."

"बरं केलंस, आधी माझ्याकडे आलीस." त्यांनी कागद उलटे करून ठेवले. "सोमवारी बसू. शांतपणे बघू."

"काका, मेळावा परवा आहे."

"अगं हो, माहितीय मला. बारा हजार किट विकली आपण. एकशे त्रेचाळीस तक्रारी. हजारात किती झाल्या?"

"बारा."

"म्हणजे सहाशेत?"

"सात."

"सात मुलींचं डोकं थोडं हुळहुळेल. वाईट आहे. पण जग नाही बुडत."

"मी आज एक कान पाहून आले, काका. हुळहुळणं नाही ते. आणि सात हा आकडा फोन केलेल्यांचा आहे. ज्यांनी कुणालाच सांगितलं नाही त्या किती, ते मला माहीत नाही."

"आणि जे माहीतच नाही, त्याला घाबरायचं? हे कुठल्या शास्त्रात बसतं?"

मी विचारलं, "पण मुलींची क्रीम वेगळी आहे ना? कमी जहाल?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं, जणू हे मला ठाऊक असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. "तीच आहे. मोठ्यांचीच. वास तेवढा स्ट्रॉबेरीचा. सगळे तसंच करतात गं, हा धंदाच तसा आहे." ते उठले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे बघ वृंदा. मला या बायकांचं काही वाटत नाही असं समजू नको. ब्याऐंशी साली मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यांनी माझ्या हातची बाटली घेतली. आपल्या बायका आहेत त्या. पण ऑक्टोबरात आपण अकराशे दुकानांत जातोय. शनिवारचे फोटो त्या दुकानवाल्यांना हवे आहेत. तुझ्याच नकाशावर त्यांनी होकार दिलाय, विसरू नको."

"हो काका."

"आणि हां, वकिलाचा मेल होता. एक ऑक्टोबरपासून तुझा नवा व्हिसा सुरू. मध्ये कंपनीनं उलट काही कळवलं नाही, म्हणजे झालं." ते हसले. त्यांचं हसू खरोखर चांगलं होतं. "काकूनं पाटवड्यांची आमटी केलीय. लवकर ये घरी."

घर म्हणजे त्यांचंच. त्यांच्या तळघरातल्या खोलीत मी वर्षभर राहत होते. नलूकाकू रोज माझा डबा भरायची. जयसिंगपुरात आई साऱ्या गल्लीला सांगून बसली होती की पोरीला तिकडे घरच्यासारखी माणसं मिळाली.

"येते काका," मी म्हणाले. आणि त्या रात्री मी दोन वाट्या आमटी खाल्ली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या गाडीतून चर्चच्या हॉलमध्ये गेलो. आत पोरांचा नुसता गलका. एका टोकाला दप्तरं, दुसऱ्या टोकाला मिस ओडेसा आणि आणखी चार बायका फुकट वेण्या घालून देत होत्या. मध्ये आमचं टेबल. गुलाबी कापड, डब्यांचा डोंगर, आणि मी केलेला एक फॉर्म: मुलीचं नाव, वय, घरचा पत्ता. फोन नंबर मी मुद्दाम मागितला नव्हता. नंबर विचारला की लोक बिचकतात, असं वाचलं होतं.

शुक्रवारभर विचार करून मी एक तोड काढली होती. डबीवर पंधरा मिनिटं लिहिलेली होती. मी प्रत्येकीला हळूच सांगणार होते, जास्तीत जास्त सात. व्हिसाही राहील, डोकीही राहतील.

"सात मिनिटांच्या वर ठेवू नका," मी पहिलीला म्हणाले. "आणि चुरचुरलं तर लगेच धुवा."

ती थांबली. पाठीमागच्या बाईकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? हिनं खरं सांगितलं. बाकीच्या कंपन्या सांगतात का असं? दोन दे गं मला. माझ्या बहिणीलाही मुलगी आहे."

मग दुसरी आली, तिसरी आली. मी प्रत्येकीला सात मिनिटं सांगत होते आणि रांग लांबत चालली होती. कुणीतरी मला 'ती चष्मेवाली खरं बोलणारी मुलगी' म्हणालं. रेगेकाकांनी लांबून अंगठा वर केला. फोटोवाल्यानं माझे दोन फोटो काढले. माझ्या बगलेतून घामाची धार निघाली होती आणि तोंड मात्र बोलत होतं: सात मिनिटं, सात मिनिटं. मी सावध करत नव्हते. मी विकत होते. आणि काकांपेक्षा चांगलं विकत होते.

पुढच्या बाईला डबी द्यायला हात पुढे केला आणि तो उघडेना. बोटं डबीवर घट्ट बसली होती. ती ओढत होती, मी सोडत नव्हते. "काय झालं, हनी?" तिनं विचारलं.

मी टेबल सोडलं आणि वेण्यांच्या खुर्च्यांकडे गेले. "मिस ओडेसा, तुमचे सदतीसच्या सदतीस फोन आले होते. छत्तीस मी गाळले."

त्यांचे हात वेणीत थांबले नाहीत. "मला का सांगतेस? मला माहीत आहे ते. त्यांना सांग."

"मला भीती वाटते."

"वाटू दे की. भीती वाटताना बोलता येतं."

मी वळून उभी राहिले आणि बोलले. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं, बेबी," मागून आवाज आला, "शेवटच्या भिंतीपर्यंत." मग मी ओरडले. ही क्रीम मुलींची नाही, मोठ्यांचीच आहे. तिनं मुली भाजल्यात. एकशे त्रेचाळीस फोन आलेत. ते मी लपवले. मुद्दाम नाही, पण लपवले. घरी लावू नका. परत द्या.

सहाशे माणसांचा हॉल गप्प झाला की कसला आवाज येतो, ते मी तेव्हा ऐकलं. पंख्यांचा येतो.

मग एका बाईनं डबी टेबलावर आपटली. मग दुसरीनं. कुणी शिवी दिली, कुणी माझ्याकडे न बघता ठेवून गेलं. रेगेकाका टेबलाशी आले, खोक्यांची झाकणं लावू लागले आणि मान वर न करता मराठीत म्हणाले, "वृंदा, घरी चल."

त्या हॉलमध्ये ते फक्त मलाच कळलं. आवाजात राग नव्हता. लहान मूल जत्रेत हट्टाला पेटल्यावर घरचं मोठं माणूस म्हणतं, तसं म्हणाले. माझा एक पाय उचललासुद्धा गेला, हे मला आजही आठवतं.

"नाही येत, काका."

त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि ते गेले. माझा व्हिसा एक ऑक्टोबरला सुरू झाला नाही, हे इथेच सांगून टाकते. पण त्या क्षणी मला त्याची आठवण नव्हती. मी फॉर्म मोजत होते. दिलेली किट एकशे चाळीस. परत आलेली एकशे सोळा. चोवीस जणी मी बोलायच्या आधीच निघून गेल्या होत्या.

"पत्ते आहेत ना?" मिस ओडेसांनी विचारलं.

"आहेत."

"मग चल. सोमवारी शाळा. या पोरींचे केस कधी करतात माहीत आहे? रविवारी संध्याकाळी. सगळ्यांच्या घरी. त्याच्या आत पोचायचं."

शनिवारी आम्ही तेरा घरं केली. बहुतेक ठिकाणी बाई डबी आणून द्यायची आणि दार लावून घ्यायची. एकीनं विचारलं, तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या का? एका घरी आजीनं आम्हाला बसवून केक दिला आणि डबी कचऱ्यात टाकताना म्हणाली, "मी तर आधीपासून म्हणत होते, देवानं दिलेत तसे राहू देत, पण माझं ऐकतं कोण!" रात्री मी मिस ओडेसांच्या सोफ्यावर झोपले. फोनवर नलूकाकूचा निरोप होता: तुझी बॅग भरून ठेवलीय, जेवलीस का?

रविवारी चर्च सुटल्यावर उरलेल्या अकरांसाठी निघालो. आता सगळे पत्ते लांबचे होते, अगदी दक्षिणेकडचे. नवे रस्ते, एकसारखी नवी घरं, अजून सावली न देणारी झाडं. दारोदारी सायकली, बास्केटबॉलचे खांब. मैलोन्‌मैल गेलो तरी एक पार्लर दिसेना.

मला ते रस्ते ओळखीचे वाटायला लागले. इथे मी कधीच आले नव्हते, तरी पुढचं वळण कुठे आहे हे मला कळत होतं.

"बघ," मिस ओडेसा म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यावर यादी होती. "इथे पाच वर्षांत इतकी पोरं आली आणि केस बघणारी एक बाई नाही. माझ्याजवळ राहत होत्या तेव्हा आई चुकली तर शेजारीण ओरडायची, अगं धू ते, धू! इथे कोण ओरडणार? शेजारीणही कालच राहायला आलेली." मग जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मला एक कळत नाही. या गल्ल्या मलाच सापडत नाहीत. तुमच्या कंपनीला कशा सापडल्या?"

मी गाडी चालवत होते. समोर बघूनच बोलावं लागत होतं, हे बरं होतं.

"मी शोधल्या."

त्या माझ्याकडे वळल्या.

"जनगणनेत दहा वर्षांखालच्या कृष्णवर्णीय मुली कुठे वाढल्या ते पाहिलं. मग पार्लरांची यादी घेतली. जिथे मुली खूप आणि वीस मैलांत पार्लर नाही, ते भाग नकाशावर गडद रंगवले. घरी लावायची क्रीम इथेच खपेल, असं मी बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"जिथे कुणी बघायला नाही, तिथे," मिस ओडेसा सावकाश म्हणाल्या.

"हो."

त्यांनी यादीची घडी केली, पुन्हा उघडली. "पुढचं वळण कुठलं?"

"डावीकडे," मी यादी न बघता म्हणाले.

शेवटचं घर सापडायला सहा वाजून गेले. पत्त्यावरचं नाव आमारी, वय आठ. बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. पुन्हा वाजवली, मग मिस ओडेसांनी मुठीनंच दार ठोकलं. दार उघडलं ते कोपरानं, कारण त्या तरुण बाईच्या दोन्ही हातांत प्लास्टिकचे हातमोजे होते आणि मोज्यांवर पांढरी क्रीम.

तिनं मला ओळखलं. चेहरा उजळला तिचा. "अरे, चष्मेवाली! बघ, मी तुझंच ऐकलंय. सातच मिनिटं लावलीत." तिनं मागे मान वळवून ओट्यावरच्या मोबाइलकडे दाखवलं. दोन मिनिटं काही सेकंद राहिले होते.

मिस ओडेसा तिला बाजूला सारून आत गेल्या. स्वयंपाकघरात उंच स्टुलावर एक मुलगी बसली होती. खांद्यावर टॉवेल, डोकं सगळं पांढरं, डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाताखाली. रडत नव्हती. आईनं तिला सांगितलं होतं, मोठ्या मुली रडत नाहीत.

"भाजतंय का, बेबी?" मिस ओडेसांनी विचारलं.

तिनं मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मग सगळं एकदम झालं. मिस ओडेसांनी तिला उचलून ओट्यावर आडवी केली, डोकं सिंकमध्ये. मी नळ सोडला. "गार पाणी, गार! घासू नको, नुसतं वाहू दे." आई मोज्यांचे हात हवेत धरून विचारत होती, काय झालं, मी काय केलं, डबीवर पंधरा लिहिलंय, हिनं सात सांगितलं होतं. मी मुलीची मान एका हातानं धरली होती आणि दुसऱ्या हातानं पाणी वळवत होते. क्रीम पांढरी पांढरी होऊन वाहत होती. ती संपेचना. मुलगी आता किंचाळत होती, आणि तिच्या मानेची शीर माझ्या तळहाताखाली इतकी जोरात उडत होती की तिचे ठोके मला मोजता आले असते.

वीस मिनिटं पाणी सोडलं. मग मिस ओडेसांनी खिशातला चष्मा लावून बोटांनी केस वेगळे करत सगळं डोकं पाहिलं. टाळू लाल होती. कपाळाच्या कडेला एक ठिपका पांढुरका.

"केस जातील?" आईनं विचारलं.

"सकाळपर्यंत काही कळत नाही. फोड आले तर सरळ इस्पितळात जायचं, वाट बघायची नाही." त्या खुर्चीत बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "खाज सुटेल आता तिला. नख लागता कामा नये. एक नख लागलं की कातडी सोलून येईल. कुणीतरी हात धरून बसा."

आई माझ्याकडे बघत होती. तिला अजून सगळं कळलं नव्हतं. ओल्या टॉवेलनं मोजे पुसत होती, ते काढायचं तिला सुचत नव्हतं. काय ते मीच सांगणं भाग होतं. आजपर्यंत कुणापुढे बोलताना तेवढी भीती वाटली नाही. मी सांगितलं. नकाशापासून. ती मला जा म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमारीला सोफ्यावर निजवलं. मी जमिनीवर बसून तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. थोडा वेळ ती हुंदके देत राहिली, मग दमून झोपली. खिडकीबाहेर पोरं सायकली फिरवत होती. त्यांच्या आया एकेकाला घरात बोलावत होत्या.

खिशात माझा फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. मी तो काढला नाही. तिची बोटं झोपेतसुद्धा डोक्याकडे जायला बघत होती, आणि त्यांत वाटतो त्यापेक्षा खूप जोर होता.